बिनपगारी सात दिवस

१८ मार्च

चि. ठमी,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. शेजारच्या काकांकडून पत्ता लिहून घेतला, कारण माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट उघडलंच नसतंस. एवढ्या लबाडीबद्दल रागावू नकोस.

तब्येत कशी आहे? जावईबापू फोन उचलतात, ‘बरी आहे’ म्हणतात आणि ठेवून देतात. जेवतेस का, झोप लागते का, नणंदेच्या घरी जिना चढावा लागतो का, काही कळत नाही.

इथे लाँड्रीत सगळं तसंच चालू आहे. तुझ्या जागेवर, इस्त्रीच्या मोठ्या रोलरच्या तोंडाशी, नवी मुलगी उभी केली आहे. ओल्या चादरीची टोकं तिला अजून नीट धरता येत नाहीत. सुरकुती पडली की घाबरून माझ्याकडे बघते. मी काही बोलत नाही, तर बायका म्हणतात, घड्याळबाई मऊ पडल्या. मला माघारी घड्याळबाई म्हणतात हे तूच येऊन सांगितलं होतंस. किती हसलो होतो आपण.

आता मुद्द्याचं. काल मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. तुम्ही दोघांनी कामगार कार्यालयात तक्रार केलीत. बाळ गेल्यानंतरची सहा आठवड्यांची पगारी रजा कंपनीने दिली नाही, उलट हजेरीपुस्तकात ‘विनाअर्ज गैरहजर, काम सोडले’ असं लिहिलं, म्हणून. खाली सही माझी आहे. ते मी कुठे नाकारते? सेक्शनची सुपरवायझर मी, रोज सही मीच करते. तू यायची थांबलीस, कुणाकडून काही कळवलं नाहीस. मग मी काय लिहायचं होतं?

तू असंही लिहिलं आहेस की सहा फेब्रुवारीला सात दिवसांच्या बिनपगारी रजेचा अर्ज, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, तू माझ्या हातात दिलास. ठमी, त्या आठवड्यात दोन हॉस्पिटलांचं काम एकदम आलं होतं. मान वर करायला फुरसत नव्हती. मला नीट आठवत नाही. तसंच मी साहेबांना सांगितलं.

तुझ्या पगारी रजा उलट्यांच्या दिवसांत संपल्या होत्या हे तुलाही ठाऊक आहे. उरली बिनपगारी, आणि ती सुपरवायझरने शिफारस केली तरच मिळते. नियम मी केलेला नाही. मी स्वतः तुझ्या वेळेला शेवटच्या महिन्यापर्यंत त्याच रोलरपुढे उभी होते. बाळंतपणाची सोडली तर सव्वीस वर्षांत एक रजा नाही माझी.

साहेब वाईट नाहीत. तक्रार मागे घेतलीत तर तुला परत घेतील म्हणाले, तेही घडीच्या टेबलावर, बसून करायचं काम. विचार कर. उत्तर पाठव, दोन ओळी पुरे.

तुझी आई

२ एप्रिल

चि. ठमी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तरही आलं नाही, म्हणजे वाचलंस.

घडीच्या टेबलावरच्या मावशींनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे. बावीस वर्षं आम्ही एकत्र डबा खातो. आता मी बाकावर बसले की त्या डबा उचलून नळाजवळ जातात. काल मीच त्यांच्यामागे गेले. म्हटलं, ‘मावशी, माझं काय चुकलं ते तोंडावर सांगा.’

त्या म्हणाल्या, ‘मला एक सांगा. त्या दिवशी अकरा वाजता पोरगी तुमच्याकडे आली होती. मी टेबलावरून बघत होते. काय म्हणालात तिला?’

‘कामाचं बोललो आम्ही.’

‘बरं,’ म्हणाल्या आणि डबा धुवायला लागल्या.

मावशींना नाही सांगितलं ते तुला सांगायचं काय, तू तर समोरच होतीस. तरी लिहून बघते. मनातल्या मनात ते फार वेळा बोलून झालंय, आणि दरवेळी मी त्यात माझ्या बाजूने थोडा फरक करते.

नऊ तारीख, सोमवार. अकरा वाजले होते. मशीन जोडीदारणीवर सोडून तू माझ्या टेबलाशी आलीस. एक हात कमरेवर होता. म्हणालीस, ‘आई, पोटात दुखतंय. घरी जाऊ का?’

मी आधी आजूबाजूला बघितलं. मग म्हणाले, ‘इथे मॅडम म्हणायचं.’

तू म्हणालीस, ‘मॅडम, दुखतंय खूप.’

आणि मी म्हणाले, ‘साडेबाराला जेवणाची सुट्टी आहे. तोवर काढ. मग बघू.’

एवढंच बोललो. आवाजही चढवला नव्हता मी. तू परत गेलीस. मी कागदात डोकं घातलं, आणि खरं सांगते, दहा मिनिटांत विसरले. बारा वाजून दहा मिनिटांनी मशीन बंद पडल्याचा आवाज आला तेव्हा माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते, ‘आता कोणी थांबवलं?’

तू थांबवलं होतंस. लाल बटण दाबून, चादर बाहेर ओढून, ती खाली लागू नये म्हणून ट्रॉलीत टाकून, मग तू जमिनीवर बसली होतीस. तुला कामाचं वळण मीच लावलं ना.

तुमच्या वकिलांना हे सांगितलंस तर साहेब मला विचारतील. विचारू देत.

आई

१९ एप्रिल

ठमी,

आज रविवार. सकाळपासून कागद पुढ्यात घेऊन बसले आहे.

तुझा अर्ज माझ्याकडे आहे.

‘आठवत नाही’ असं जे मी लिहिलं ते खोटं होतं. शुक्रवारी दुपारी तू तो दिलास तेव्हा मी पूर्ण वाचला. ‘डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितल्यामुळे सोमवारपासून सात दिवस बिनपगारी रजा मिळावी, ही विनंती.’ खाली तुझी सही, मागे चिठ्ठी टाचलेली. मी चार घड्या केल्या आणि ॲप्रनच्या खिशात घातला. त्याच आठवड्यात दोघींना मी बिनपगारी रजा नाकारली होती. एकीची सासू आजारी होती, दुसरीच्या मुलाचा हात मोडला होता. त्यांना नाही म्हणून स्वतःच्या लेकीचा अर्ज वर नेला असता तर सगळा सेक्शन तोंडावर हसला असता. मी ठरवलं, हॉस्पिटलच्या चादरी मंगळवारी जातील, मग मंगळवारी अर्ज देऊ. दोन दिवसांनी काय होतंय.

मग रविवारी तुझा फोन आला. ‘आई, अर्जाचं काय झालं? उद्या येऊ की नको?’

मी म्हटलं, ‘साहेबांकडे आहे. उत्तर येईपर्यंत यावं लागेल.’

तू आजवर साहेबांना शिव्या देत असशील. साहेबांनी तो कागद बघितलासुद्धा नाही. त्यांनी तो नाकारलाच असता असं मी स्वतःला सांगते, कदाचित नाकारलाही असता. पण नाकारायला तरी तो त्यांच्याकडे जायला हवा होता. तुझं नशीब माझ्या खिशात होतं, आणि त्यावर मी रुमाल ठेवला होता.

आणखी एक. तुला कुणी सांगितलंय की नाही, मला ठाऊक नाही. जावईबापूंनी सांगितलं नसेल तर इथे थांब आणि पुढचा परिच्छेद वाचू नकोस.

मुलगी होती. तू शुद्धीवर नव्हतीस. नर्सबाईंनी विचारलं, ‘घरचं कोण आहे?’ जावईबापू औषधं आणायला धावले होते, म्हणून मी पुढे झाले. पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून त्यांनी तिला माझ्या हातात दिलं. वजन असं काही नव्हतंच. भुवया तुझ्यासारख्या होत्या, बारीक, जरा वर गेलेल्या. टॉवेलाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची खूण होती. आपल्या लाँड्रीची. त्याच आठवड्यात आमच्या सेक्शनमधून गेलेला माल. मी तेव्हा रडले नाही. टॉवेलाला नीट इस्त्री झाली आहे का ते बघितलं. मी काय माणूस आहे ते तुला कळावं म्हणून सांगते.

हे पत्र वकिलांना दाखवलंस तरी चालेल. सुनावणी बावीस मे रोजी आहे. कंपनीची साक्षीदार म्हणून मला बोलावलं आहे.

आई

६ मे

ठमी,

साहेबांनी आज परत बोलावून घेतलं. शेजारी कंपनीचे वकील होते. तरुण आहेत, बोलायला गोड. म्हणाले, ‘बाई, तुम्हाला खोटं बोलायचंच नाहीये. अर्ज मिळाला होता का विचारलं की म्हणायचं, आठवत नाही. आठवत नाही हे खोटं ठरत नाही.’ साहेब म्हणाले, ‘तुमची चार वर्षं राहिली आहेत. स्वच्छ रेकॉर्ड आहे, त्याला डाग कशाला?’

त्या स्वच्छ रेकॉर्डबद्दल तुला सांगायचं आहे.

पुढच्या खोलीत चौकटीतलं प्रमाणपत्र आहे ना, ‘पंचवीस वर्षे एकही रजा न घेता अखंड सेवा’, ज्याच्यावरून मी तुला लहानपणापासून ऐकवत आले. म्हणजे प्रमाणपत्र नंतर आलं, ऐकवणं आधीपासूनचं. तुला ताप असला तरी शेजारी ठेवून कामावर जायचे. शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा आले नाही. तू विचारलंस की म्हणायचे, ‘मी तर तू पोटात असतानाही रजा घेतली नाही.’

घेतली होती. एकोणीस दिवस.

पाचवा महिना होता. मला डाग लागायला लागले. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं. मी नवीन होते, वर्षसुद्धा भरलं नव्हतं, रजा मागितली असती तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरी उभी राहिली असती. तेव्हा सेक्शनवर मोठ्या बाई होत्या. उंच, तोंडाने फटकळ, सगळ्या त्यांना टरकायच्या. मी रडत त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, ‘घरी जा. आडवी पड. बरं वाटल्याशिवाय इकडे फिरकायचं नाही.’

मी म्हटलं, ‘हजेरीचं काय?’

‘पुस्तक माझ्याकडे आहे. तू रोज हजर आहेस.’

एकोणीस दिवस त्यांनी माझ्या नावापुढे हजेरी लावली. माझ्या जागेवर त्या स्वतः उभ्या राहिल्या, सुपरवायझर असून. परत आले तेव्हा मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, ‘कुठे बोलू नकोस, माझी नोकरी जाईल.’ मी बोलले नाही. आधी त्यांच्यासाठी गप्प राहिले. त्या निवृत्त झाल्या, पुढे वारल्या, मग माझ्यासाठी गप्प राहिले. पुस्तकात मी रोज हजर होते, आणि इतकी वर्षं तेच सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं.

तू जन्मलीस ती त्या एकोणीस दिवसांमुळे. तू मागितलेस सात, तेही सरळ मार्गाने, कागदावर लिहून. मी ते दिले नाहीत.

बावीस तारखेला तोंडातून काय निघेल ते माझं मला माहीत नाही. भीती वाटते. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? तुझ्यापुढे ही भीती सांगायला लाज वाटते, पण तू माझी लेक आहेस, दुसरं कोण ऐकणार.

आई

२४ मे

ठमी,

तू खोलीत होतीस, तरी लिहिते. सगळा वेळ तू स्वतःच्या हातांकडे बघत होतीस. किती वाळली आहेस.

कंपनीच्या वकिलांनी विचारलं, ‘सहा फेब्रुवारीला आपल्याला रजेचा अर्ज मिळाला होता, असं आठवतं का?’ मी आधी पाणी मागितलं. सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाईंनी दिलं. पाणी प्यायले आणि पिशवीतून कागद काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. घड्या इतक्या पक्क्या बसल्या होत्या की तो आपोआप परत मिटत होता. मी तळहाताने दाबून धरला. म्हटलं, ‘मिळाला होता. हा बघा.’

वकील म्हणाले, ‘मग तीन महिने का सांगितलं नाहीत?’

‘नोकरी जाईल म्हणून. लेक तर गेलीच होती, निदान नोकरी राहावी असं वाटलं.’

साहेबांकडे मी बघितलं नाही. अधिकारीबाई लिहीत होत्या. मान वर न करता विचारलं, ‘शिफारस का केली नाही?’

‘माझी लेक होती म्हणून.’

‘दुसरी कुणी असती तर केली असती?’

इथे हो म्हणता आलं असतं. निःपक्षपाती ठरले असते, सगळे हळहळले असते. पण ते खरं नव्हतं. मी म्हटलं, ‘नाही. त्या आठवड्यात दोघींना नाकारली. एरवीही नाकारते. सेक्शनची हजेरी भरलेली दिसली की वर माझं कौतुक होतं. सव्वीस वर्षांत कुणी मला असं विचारलं नाही की किती जणींना रजा हवी होती. किती जणी हजर आहेत, तेवढंच विचारतात.’

तेव्हा तू एकदा वर बघितलंस. एवढंच.

मग मोठ्या बाईंचंही सांगितलं. गरज नव्हती. अधिकारीबाई म्हणाल्या, ‘हे नोंदीत घेऊ का?’ मी म्हटलं, ‘घ्या. त्यांचं आता कुणी काही करू शकत नाही. आणि माझं प्रमाणपत्र खोटं आहे तेही घ्या.’

बाहेर व्हरांड्यात जावईबापू पाणी आणायला गेले आणि तू बाकावर एकटी होतीस. मी समोर येऊन उभी राहिले. बसू का विचारायचा धीर झाला नाही. मला वाटलं होतं तू ओरडशील. त्याची तयारी करून आले होते.

तू हळू आवाजात म्हणालीस, ‘पत्रं मिळाली. वाचली सगळी.’

मी पिशवी खाली ठेवली.

‘भुवयांचं लिहिलंस ते वाचू नकोस म्हणाली होतीस. मी आधी तेच वाचलं.’

‘ठमी…’

‘खरं बोललीस ते बरं केलंस. पण आई, तुझा आवाज ऐकला की मला पोटात दुखायला लागतं. खरंच दुखतं, वरवर बोलत नाहीये. मला थोडे दिवस दे. पत्र नको, फोन नको, काकांच्या अक्षरातसुद्धा नको.’

आणि मी, जन्मभराची सवय, विचारून बसले, ‘किती दिवस?’

तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, ‘ते अर्जात लिहून देऊ का?’

जावईबापू आले. तुझ्या कोपराला धरून त्यांनी तुला उठवलं. मला म्हणाले, ‘येतो.’ ते एवढं तरी म्हणाले. फाटकापर्यंत तुम्ही हळूहळू गेलात, तुला अजून भरभर चालवत नाही.

हे पत्र लिहिलं आहे, पण टाकणार नाही. निकाल लागेपर्यंत कपाटात राहील.

आई

२० जून

ठमी,

निकाल तुमच्याकडे आला असेलच. ‘काम सोडले’ ही नोंद रद्द झाली. ते सहा आठवडे पगारी रजा म्हणून धरायचे, आणि अर्जातले सात दिवसही मंजूर होते असं मानायचं. शिवाय डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली असली तर सुपरवायझरच्या शिफारशीची अट नाही, असा कागद दारावर लागला आहे. हजेरीपुस्तक दुरुस्त करायला मलाच बसवलं, त्या दिवसांवर सही माझी होती ना. ‘गैरहजर’ असलेल्या एकेका चौकटीवर लाल रेघ मारून वर ‘रजा’ लिहीत गेले. नऊ तारखेपाशी आले. तुझी हजेरी तिथे होती, माझ्याच हातची. त्यावरही ‘रजा’ लिहायची होती. क्लार्क म्हणाले, ‘बाई, मी लिहू का?’ मी म्हटलं, नको.

मला काढलं नाही. सुपरवायझरकी काढून घेतली आणि घडीच्या टेबलावर टाकलं. मावशींनी सरकून जागा दिली. अजून फारसं बोलत नाहीत, पण डबा उचलून नळावर जात नाहीत. रोलरवरची ती नवी मुलगी, तिलाही दिवस गेले आहेत. गेल्या आठवड्यात चिठ्ठी लावून अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवसापासून घरी आहे. त्यात कुणाचं काहीच गेलं नाही. तिची जागा रिकामी दिसते आणि मी उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालते, आणि मला एवढंच वाटत राहतं की हे इतकं सोपं होतं.

तू नको म्हणाली होतीस तरी हे एक पत्र टाकते, मागच्या महिन्याचंही यातच घातलं आहे. व्हरांड्यात तू मला काही मागितलंस आणि मी उत्तर न देता उलट प्रश्न विचारला. ते तसंच राहायला नको.

दिवस घे, ठमी. हवे तेवढे घे. किती ते विचारत नाही, कारणही विचारत नाही. पुढची कित्येक वर्षं लागली तरी तुझी जागा मी दुसऱ्या कुणाला देणार नाही, आणि तू आलीच नाहीस तरी तुझ्या नावापुढे काही लिहिणार नाही.

याला उत्तर नको.

आई